५० टक्क्यांची मर्यादा आली कुठून? न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांची गोष्ट

२९ ऑगस्ट २०२३. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि तोवर राज्यात फारसं कुणाला माहीत नसलेलं हे गाव एका रात्रीत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचलं. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, त्याच अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले.

दोन्हीकडच्या मागण्या एकमेकांच्या विरोधात होत्या. पण वादाच्या मुळाशी आकडा एकच होता, ५० टक्के. एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे नेता येत नसेल, तर नव्या समाजाला जागा द्यायची कुठून? वेगळी द्यायची तर मर्यादा आडवी येते, आहे त्यातून द्यायची तर आधीच्या वाटेकऱ्यांच्या वाट्याला कात्री लागते. जालन्यातल्या एखाद्या मुलाचा मेडिकलचा प्रवेश असो की तलाठी भरतीतली जागा, हिशोब येऊन थांबतो तो याच आकड्यावर.

गंमत अशी की राज्यघटना लागू झाली तेव्हा तिच्यात हा आकडा कुठेच नव्हता. शिक्षणातल्या आरक्षणाचं कलम १५(४) किंवा नोकरीतल्या आरक्षणाचं कलम १६(४) आज उघडून पाहिलं तरी त्यात टक्केवारी सापडत नाही. हा आकडा आला सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या एका निकालातून. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती साताऱ्यात जन्मलेले, पुण्यात शिकलेले आणि मुंबईत वकिली केलेले होते. त्यांचं नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

राज्यशास्त्राच्या आणि कायद्याच्या वर्गात त्यांचे निकाल आजही शिकवले जातात. बालाजी, माखन सिंह, केशव सिंह, सज्जन सिंह, मिरजकर ही नावं स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये एकाखाली एक येतात. पण या सगळ्या निकालांमागे एकच माणूस आहे आणि त्याच्या आयुष्याचा धागा त्यांतून जातो, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही.

संस्कृत पंडितांच्या घरातला मुलगा

गजेंद्रगड हे गाव आज कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात येतं. मूळच्या तिथल्या या पंडित घराण्यात, साताऱ्यात १६ मार्च १९०१ रोजी प्रल्हाद यांचा जन्म झाला. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. शालेय शिक्षण साताऱ्यात झालं. १९१८ ते १९२० ही दोन वर्षं त्यांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात काढली आणि नंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. १९२४ मध्ये एम.ए. झाले, पुण्यातच कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं आणि १९२६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली.

अपील शाखा म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतून वर आलेल्या दाव्यांची जागा. शेताच्या बांधाचे वाद, कूळकायदा, वाटण्या, दत्तक, विधवेचा हक्क अशी प्रकरणं तिथे चालत. हिंदू कायदा अजून संहितेत बांधलेला नव्हता, त्यामुळे वकिलाला जुने धर्मशास्त्रग्रंथ उघडावे लागत. गजेंद्रगडकरांना ते ग्रंथ मुळातून वाचता येत होते. हिंदू कायद्याला वाहिलेल्या एका त्रैमासिकाचं संपादन त्यांनी केलं. दत्तकविधानावरच्या दत्तकमीमांसा या ग्रंथाचंही त्यांनी संपादन केलं.

ही पार्श्वभूमी पुढे महत्त्वाची ठरली. दोन वचनं एकमेकांच्या विरोधात दिसली, तर मुख्य नियम कोणता आणि अपवाद कोणता, हे ठरवण्याची पद्धत मीमांसाशास्त्राने फार पूर्वी घालून दिलेली आहे. राज्यघटना वाचतानाही त्यांच्यापुढे अनेकदा हाच प्रश्न आला.

त्या काळात जालना मुंबईच्या कोर्टाच्या कक्षेत नव्हतंच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्याच पुनर्रचनेत हैदराबाद आणि मुंबई राज्यांचे कन्नड भाषक जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. निरनिराळ्या राजवटींतले प्रदेश एकत्र आल्यावर मागास कुणाला म्हणायचं, याच्या वेगवेगळ्या याद्याही एकाच राज्यात आल्या. पुढची लढाई त्यातूनच उभी राहिली.

आधी ओळख झाली कामगारांचे न्यायाधीश म्हणून

१९४५ मध्ये गजेंद्रगडकर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. देशभर त्यांचं नाव झालं ते मात्र बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतच्या लवादाच्या निर्णयात केंद्र सरकारने फेरबदल केले, म्हणून १९५४ मध्ये तेव्हाचे कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला होता. हा गुंता सोडवण्यासाठी नेमलेल्या आयोगाचं काम गजेंद्रगडकरांनी १९५५ मध्ये पूर्ण केलं. सरकारने शिफारशी स्वीकारल्या आणि त्यासाठी कायदाही केला.

जानेवारी १९५६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथल्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी कामगार कायद्याचा पायाच घातला असं म्हणता येईल. १९५७ च्या क्राउन अॅल्युमिनियम प्रकरणात त्यांनी स्पष्ट केलं की अपवादात्मक परिस्थितीत पगार कमी होऊ शकतो, पण पोट भरण्यापुरत्या किमान वेतनाच्या खाली तो जाऊ शकत नाही. तेवढंही देता येत नसेल, तर त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्कच नाही. १९५९ च्या असोसिएटेड सिमेंट प्रकरणात बोनस कसा काढायचा याचं सूत्र तपासून पक्कं केलं.

म्हणजे १९६२ मध्ये आरक्षणाची फाईल त्यांच्यासमोर आली, तेव्हा ते दुबळ्या बाजूचा विचार करणारे न्यायमूर्ती म्हणूनच ओळखले जात होते. हे आधी समजून घेतलं नाही, तर पुढच्या निकालाचा अर्थ चुकीचा लागू शकतो.

१९६२ : म्हैसूरचे ६८ टक्के

थोडं मागे जावं लागेल. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारचा एक आदेश रद्द केला. मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा त्या आदेशाने जातिधर्मानुसार वाटल्या होत्या. शिक्षणात असं आरक्षण देण्याची तरतूद तेव्हा घटनेत नव्हती. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५(४) आलं. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्यांना मिळाली.

या मुभेचा वापर करून म्हैसूर सरकारने डॉ. नागन गौडा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने माध्यमिक शाळेच्या वरच्या तीन वर्गांत कोणत्या समाजाची किती मुलं आहेत हे मोजलं. राज्याची सरासरी निघाली दर हजार लोकसंख्येमागे ६.९ विद्यार्थी. त्या सरासरीच्या खाली असलेल्या जाती मागास आणि निम्म्याच्याही खाली असलेल्या अधिक मागास, अशी विभागणी झाली.

३१ जुलै १९६२ रोजी सरकारने आदेश काढला. मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागांपैकी २८ टक्के मागास वर्गांना, २२ टक्के अधिक मागास वर्गांना, १५ टक्के अनुसूचित जातींना आणि ३ टक्के अनुसूचित जमातींना. बेरीज ६८ टक्के. गुणवत्तेच्या खुल्या यादीसाठी उरले ३२ टक्के. एम. आर. बालाजी आणि इतर विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर १९६२ रोजी निकाल दिला. तो गजेंद्रगडकरांनी लिहिला होता. त्यातले मुख्य मुद्दे असे :

– मागासपण सामाजिक आणि शैक्षणिक असं दोन्ही असलं पाहिजे. नुसतं एक पुरत नाही.

– मागासपण ठरवताना जात हा एक मुद्दा असू शकतो, पण एकमेव किंवा सर्वांत वरचढ निकष असू शकत नाही. गरिबी, व्यवसाय आणि राहण्याची जागा हेही पाहावं लागेल.

– मागास आणि अधिक मागास अशी पोटविभागणी कलम १५(४) मध्ये बसत नाही.

– कलम १५(४) हा समानतेच्या मुख्य नियमाला असलेला अपवाद आहे. अपवादाने मूळ नियमच गिळून टाकला, असं होता कामा नये.

– आणि म्हणून, ढोबळ मानाने सांगायचं तर, आरक्षण ५० टक्क्यांपेक्षा कमी असावं. किती कमी, हे त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवर अवलंबून राहील.

म्हैसूरचा आदेश रद्द झाला. आदेश वरून घटनेच्या चौकटीत दिसत असला तरी प्रत्यक्षात ती घटनेची फसवणूक आहे, इतक्या कडक शब्दांत न्यायालयाने तो नाकारला.

वर्गात हा निकाल कसा वाचायचा?

न्यायालयाचा कुठलाही मोठा निकाल अभ्यासताना चार गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात : घडलं काय, न्यायालयापुढे नेमका प्रश्न काय होता, उत्तर काय दिलं आणि त्याचं कारण काय सांगितलं. याशिवाय पाचवी एक गोष्ट असते. निकालाच्या ओघात न्यायाधीश असंही काही बोलून जातात, जे त्या खटल्याचा निवाडा करायला आवश्यक नसतं.

बालाजीला ही फूटपट्टी लावून पाहिली, तर लक्षात येतं की न्यायालयापुढे प्रश्न ६८ टक्क्यांचा होता. ६८ टक्के जास्त आहेत, एवढं म्हणून आदेश रद्द करता आला असता. ५१ टक्के चालतील का, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलेलाच नव्हता. ५० च का, ४५ किंवा ५५ का नाही, याचं गणितही निकालात मांडलेलं नाही. तर्क एवढाच आहे की नियम मोठा असतो आणि अपवाद लहान, त्यामुळे अपवाद निम्म्याच्या खाली राहायला हवा. ढोबळ मानाने ही सावधगिरीची भाषाही त्यात आहे.

पण वाचणाऱ्यांनी सावधगिरी मागे ठेवली आणि आकडा उचलला. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, देवदासन प्रकरण आलं. केंद्राच्या भरतीत आधीच्या वर्षांच्या न भरलेल्या राखीव जागा पुढे ओढल्यामुळे ४५ पैकी २९ जागा राखीव झाल्या होत्या. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी लिहिला. बालाजीचा आधार घेत त्यांनी ५० टक्क्यांची कसोटी नोकऱ्यांनाही लावली. ढोबळ अंदाज असलेल्या आकड्याचा एका वर्षात नियम होऊ लागला.

माखन सिंह : आणीबाणीतही एक दार उघडं

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला आणि देशात आणीबाणी लागली. भारत संरक्षण कायद्याखाली अनेकांना विनाचौकशी तुरुंगात टाकण्यात आलं. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली होती. अशा स्थितीत कैद्याला काहीच करता येत नाही का?

१९६३ च्या माखन सिंह प्रकरणात गजेंद्रगडकरांनी मधला मार्ग काढला. आदेश वैध आहे, मूलभूत हक्कांच्या आधारे याचिका चालणार नाही. पण अटकच कायद्याला सोडून झाली असेल किंवा अधिकाऱ्याने आकसाने केली असेल, तर कैदी न्यायालयात येऊ शकतो. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी वेगळं मत लिहिलं.

निकाल लिहिताना ते सरकारला पूर्ण अडवत नसत आणि पूर्ण मोकळंही सोडत नसत. बालाजीतही तेच झालं होतं, आरक्षण वैध ठरवलं होतं पण त्याला सीमा घातली होती.

सरन्यायाधीश आणि न्यायाधीशांनाच पकडायचा हुकूम

१ फेब्रुवारी १९६४ रोजी गजेंद्रगडकर भारताचे सातवे सरन्यायाधीश झाले. दोनच महिन्यांत स्वतंत्र भारतातला एक विलक्षण पेच उभा राहिला.

गोरखपूरच्या केशव सिंह या समाजवादी कार्यकर्त्याने एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं. उत्तर प्रदेश विधानसभेने हा हक्कभंग मानला आणि त्याला सात दिवसांचा तुरुंगवास दिला. त्याच्या वतीने वकील बी. सॉलोमन उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे गेले आणि न्यायमूर्ती बेग व सहगल यांनी त्याला जामीन दिला. विधानसभा एवढी भडकली की दोन्ही न्यायमूर्तींना आणि वकिलाला ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करा, असा ठरावच तिने केला. मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे २८ न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली.

विधानसभा आणि न्यायालय समोरासमोर उभे ठाकल्यावर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक असं मत दिलं : न्यायमूर्तींनी याचिका ऐकून कोणताही अवमान केलेला नाही, ब्रिटिश संसद सार्वभौम असली तरी भारतात घटना सर्वांत वर आहे आणि विधिमंडळाच्या अधिकारांची सीमा काय, हे सांगण्याचं काम न्यायालयाचं आहे.

केशव सिंहला मात्र शेवटी दिलासा मिळाला नाही. १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याची मूळ याचिका फेटाळली. तत्त्व जिंकलं, माणूस हरला. गाजलेल्या खटल्यांत असं अनेकदा होतं.

सज्जन सिंह : निकाल पुसला गेला, शंका उरली

त्याच १९६४ सालात सतराव्या घटनादुरुस्तीचं प्रकरण आलं. जमीन सुधारणेचे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून ते घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकण्याची पद्धत १९५१ पासून होती. पहिल्या १३ कायद्यांत हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी रद्द करणारा कायदाही होता, म्हणजे हा विषय मराठवाड्याच्या जमिनीशीही जोडलेला होता. सतराव्या दुरुस्तीने ही यादी बरीच वाढवली. संसद मूलभूत हक्कांनाही कात्री लावू शकते का, असा प्रश्न सज्जन सिंह प्रकरणात होता.

गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने सांगितलं की शकते. पण पीठावरच्या दोघांनी स्वतंत्रपणे शंका नोंदवली. एक हिदायतुल्ला आणि दुसरे देवदासनवाले मुधोळकर. घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्यं अशी नसतील का, की ज्यांना हात लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे तर घटना नव्याने लिहिणं होईल, असा मुधोळकरांच्या शंकेचा रोख होता.

१९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात गजेंद्रगडकरांचा निकाल फिरवला गेला. १९७३ मध्ये केशवानंद भारती प्रकरणात गोलकनाथही फिरला आणि मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला. बहुमताच्या निकालापेक्षा बाजूला लिहिलेली एक शंका जास्त टिकली.

शास्त्र्यांच्या घरातून मंदिराच्या दारापर्यंत

१४ जानेवारी १९६६ रोजी, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, गजेंद्रगडकरांनी मूलदास प्रकरणाचा निकाल दिला. अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथाच्या अनुयायांनी १९४८ मध्ये दावा केला होता. आपला पंथ हिंदू धर्मापासून वेगळा आहे, त्यामुळे दलितांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्या मंदिरांना लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण १८ वर्षं चाललं.

संस्कृत पंडितांच्या घरात वाढलेल्या न्यायमूर्तींनी वेद, दर्शनं आणि संतपरंपरा यांचा आधार घेत हिंदू धर्माची व्यापक व्याख्या केली आणि दावा फेटाळला. मंदिरांची दारं दलितांसाठी उघडी राहिली. वेगळा धर्म असल्याचा दावा हा भेदभाव टिकवण्यासाठी होता, हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. या निकालातली हिंदू धर्माची व्याख्या पुढे वेगवेगळ्या वादांत दोन्ही बाजूंनी वापरली. मूळ प्रश्न मात्र साधा होता, दलित माणूस देवळात जाऊ शकतो की नाही.

३ मार्च १९६६ रोजी त्यांचा शेवटचा मोठा निकाल आला. ब्लिट्झ साप्ताहिकाविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी दिला होता. त्याविरुद्ध वार्ताहर नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं की न्यायालयाच्या न्यायिक आदेशाने मूलभूत हक्कांचा भंग झाला असं म्हणता येत नाही. हिदायतुल्लांनी एकट्याने विरोध केला. या निकालावरची टीका आजवर थांबलेली नाही.

१५ मार्च १९६६ रोजी गजेंद्रगडकर निवृत्त झाले. नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९७१ ते १९७७ केंद्रीय विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

याच काळात १९७५ ची आणीबाणी आली. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने कैद्यांसाठी न्यायालयाची वाट बंद केली. माखन सिंह प्रकरणात गजेंद्रगडकरांनी उघडं ठेवलेलं छोटं दारही त्यात बंद झालं. सरकारने नेमलेल्या विधी आयोगाचं अध्यक्षपद तेव्हा त्यांच्याकडेच होतं आणि ते त्या पदावर राहिले. त्यांच्या आयुष्याचं मूल्यमापन करताना ही गोष्ट वगळता येत नाही.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, १२ जून १९८१ रोजी, गजेंद्रगडकरांचं निधन झालं. त्यांनी लिहिलेला आकडा या नव्या जिल्ह्यात एके दिवशी एवढा गाजेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

मग ५० टक्क्यांचं पुढे काय झालं?

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी मंडल आयोगाच्या प्रकरणात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ओबीसींचं २७ टक्के आरक्षण वैध ठरवलं. आधीचं १५ आणि साडेसात टक्के धरून बेरीज ४९.५ झाली, ५० च्या आत. याच निकालाने बालाजीतले दोन महत्त्वाचे मुद्दे मोडीत काढले. मागास आणि अधिक मागास अशी विभागणी चालेल, असं ठरलं. आरक्षण हा समानतेला अपवाद आहे, ही कल्पनाही सोडून देण्यात आली. आरक्षण हा समानतेचाच एक भाग मानला गेला.

म्हणजे ज्या तर्कावर ५० टक्के उभे होते, तो तर्क गेला. आकडा मात्र राहिला, उलट पक्का झाला. आता तो नियम होता आणि त्यातून सुटायचं तर विलक्षण परिस्थिती दाखवावी लागणार होती. २००० च्या ८१ व्या दुरुस्तीत अनुशेषाच्या जागांबाबत बोलताना घटनेनेही ५० टक्क्यांच्या मर्यादेचा उल्लेख केला.

महाराष्ट्रात आधीच ५२ टक्के आरक्षण होतं. २०१८ मध्ये मराठा समाजाला १६ टक्के देणारा कायदा झाला. ५२ आणि १६ ची बेरीज केली, तर उत्तर येतं ६८. छप्पन्न वर्षांपूर्वी म्हैसूरच्या आदेशातला आकडाही हाच होता. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टक्केवारी कमी करून कायदा टिकवला, पण ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विलक्षण परिस्थिती सिद्ध झाली नाही असं म्हणत तो रद्द केला. अंतरवाली सराटीच्या उपोषणामागे हा इतिहास आहे.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मताने मान्यता दिली. ५० टक्क्यांची मर्यादा अगदी न हलणारी नाही आणि ती जुन्या प्रकारच्या आरक्षणालाच लागू आहे, असं बहुमताने सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने मराठा समाजासाठी १० टक्क्यांचा नवा कायदा केला आणि त्यालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

गजेंद्रगडकरांचे बाकीचे निकाल काळाने तपासले. सज्जन सिंह फिरला, माखन सिंहमधलं दार बंद झालं आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. बालाजीतली कारणंही एकेक करून गळून पडली. ज्याला त्यांनी स्वतः ढोबळ म्हटलं होतं, तेच सगळ्यांत जास्त टिकलं.

म्हणून या निकालाकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. मर्यादा हवी असं म्हणणाऱ्यांकडे साठ वर्षांच्या निकालांची सलग परंपरा आहे. मर्यादा काढा म्हणणाऱ्यांकडे हा मुद्दा आहे की मूळ आधार उरलेला नाही. कुणाचं बरोबर, हे शेवटी घटनापीठ किंवा संसद ठरवेल. मात्र या निकालाचं नाव घेऊन एखादी पोस्ट पुढे ढकलण्याआधी वर्गातले ते साधे प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही : घडलं काय होतं, प्रश्न काय होता, न्यायालयाने ठरवलं काय आणि कशासाठी? आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आला हे कळलं, की वाद घालायलाही पक्की जमीन मिळते.